ऐकू आलं असन त हात वर करा

भंतेजी बाराच्या आत जेवून निघाले आणि हिवराळ्यांच्या घरात भांडणाला वाट मोकळी झाली. सकाळपासून सगळ्यांनी ते तोंडात धरून ठेवलं होतं. सिंधूताईच्या पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनात भांडायचं नाही, एवढी लाज घरात अजून शिल्लक होती. पण भंतेजींची गाडी मोताळ्याच्या रस्त्याला लागली, धामणगावातले पाहुणे पांगले, आणि नागसेननं समोरच्या खोलीचं दार आतून लावलं.

"बाबा, पुण्याचे शालिग्राम साहेब तीन वाजेलोक येऊन राह्यले. त्याच्या आत मायच्या आवाजाचं काय ते ठरवा."

"ठरवाचं काय त्यात?" भाऊराव खुर्चीत बसून काडीनं दात कोरत होते. "आवाज हाये. राहीन."

"पुण्यात दुकान हाये त्याईचं, चाळीस डब्यांचं गिऱ्हाईक हाये ते!"

"मंग चाळीस डब्यांत राहीन."

नागसेनचा धंदा गावाला अजून नीट कळला नव्हता. तळहाताएवढा मिनी कॉम्प्युटर मागवायचा, संगीताचा प्रोग्रॅम घातलेलं कार्ड त्यात खोचायचं, ॲल्युमिनियमच्या पेटीत तो बसवायचा आणि विकायचा. ही पेटी इंटरनेटवरून नाहीतर डिस्कवरून गाणं घेते आणि ॲम्प्लिफायरला देते. स्वतः वाजत नाही. तिला स्ट्रीमर म्हणतात. घरात सगळे डबा म्हणत. घेणारे लोक निराळेच होते. त्यांच्याकडे मोटरसायकलीच्या किमतीची वायर असते आणि ती जमिनीला टेकली की गाणं मळतं, असं त्यांना वाटतं. सुटे भाग आणून डबा घरी जोडता येतो, पण त्यांना ती कटकट नको असते. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा भाऊराव म्हणाले होते, "म्हणजे कान हायेत, हात नाहीत." पण कामाला बसले.

त्यांच्याकडे तपासणी होती. मशीन बोलल्याशिवाय घराबाहेर जात नाही, हा नियम त्यांच्या बापाचा, मोतीरामचा. मोतीरामनं जिल्ह्याच्या ठिकाणाहून पहिला भोंगा डोक्यावर आणला तेव्हापासूनचा. आणि सिंधूताई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून माईकवर बोलायचं काम त्यांचं. भाऊराव मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहत. त्या बोलत. नीट ऐकू आलं की हे हात वर करत. बाकीचे साउंडवाले 'हॅलो, माईक टेस्टिंग, एक दोन तीन' म्हणत. सिंधूताईंना तो येडपटपणा वाटे. समोर माणूस उभा आहे तर माणसाशी बोलावं. त्या नवऱ्याशी बोलत, आणि अख्खं गाव ऐके.

पाच वर्षांपूर्वी, चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी, नागसेननं एक भारी माईक आणून त्यांचं ते बोलणं शाळेच्या मैदानावर रेकॉर्ड केलं होतं. माईक कसा आहे ते बघायला. पुरतं मिनिटभरही नाही. त्या गेल्यावर भाऊराव प्रत्येक डबा त्यावरच तपासायला लागले. त्यांना मोबाइलवर खाटखुट करावी लागू नये म्हणून नागसेननं एक वेगळं कार्ड करून दिलं. ते डब्यात घातलं आणि डबा चालू केला की सिंधूताई आपोआप बोलायला लागत, पूर्ण मोठ्या आवाजात.

विकायच्या डब्यांची कार्डं साध्या कार्डावरून उतरवायची होती. भाऊरावांनी ती तपासणीच्या कार्डावरून उतरवली. अकरा डबे गेले. देशात अकरा घरी लोकांनी लाखाच्या स्पीकरला डबा जोडला, डोळे मिटून बसले, आणि सिंधूताईंनी त्यांना झापलं.

"अहमदाबादवाल्यानं काय लिहिलं माहीत हाये?" नागसेन म्हणाला. "त्याची बुढी पलंगावरून उठून बसली."

"चांगलं झालं न मंग. किती दिवसाची पडून होती कोणाले ठाव."

"आन मैसूरवाला म्हणते हा मंत्र हाये का? रोज सकाळी उदबत्ती लावून ऐकते तो!"

मंजुश्री फस्सकन हसली. ती नागसेनची मोठी बहीण, जळगाव जामोद डेपोत कंडक्टर. आज रजा टाकून आली होती. "माय आयुष्यात कोणाच्या उदबत्तीले उभी राह्यली नाही, आन आता मैसूरले मंत्र झाली. राहू दे बे नागसेन. बाबाले बरं वाटते."

मंजुश्रीला रेकॉर्डिंगचं फार काही नव्हतं. नागसेन डावीकडं म्हणाला की उजवीकडं म्हणायचं, हे तिचं बत्तीस वर्षांचं धोरण होतं.

"बाबाले बरं वाटते, पन माह्यं काय?" हे प्रेमानंद, भाऊरावांचे धाकटे भाऊ. पूर्वी दोघांची साउंड सर्व्हिस एक होती. आता प्रेमानंदांचा दुसरबीडला डीजेचा ट्रक होता आणि या डब्यांना ते खेळणं समजत. "वयनी त्यात माह्यं नाव घेते. अकरा गावांत लोकाले माहीत झालं का प्रेमानंद बिड्या फुकते. माह्यी सोयरीक जुळून राह्यली पोराची."

"सोडली का मंग बिडी?" भाऊरावांनी विचारलं.

"तो प्रश्न नाही!"

"तोच हाये."

नागसेननं हात जोडले. त्यानं हे वाक्य रात्रभर मनात म्हणून ठेवलं होतं आणि आता ते नको तसं बाहेर पडलं. "बाबा, उद्यापासून तपासणी महामाया लॅपटॉपवर करीन. तुम्ही आराम करा."

भाऊरावांनी काडी खिशात ठेवली.

"आराम," ते म्हणाले. "काय करू आरामाचं? चाटू?"

*

महामाया आत चुलीजवळ खिरीचं पातेलं खरवडत होती, पण कान तिकडेच होते. तिच्या नावानं कोणाची नोकरी जात होती आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. तीन वर्षं या घरात सून होती, सासऱ्यांना मामाजी म्हणत होती. नवऱ्याच्या कंपनीची ती मालकीणही होती, कागदावर.

मंजुश्री ताटं घेऊन आत आली. "काय व, तू लॅपटॉप घेऊन बसते म्हणे माह्या बापाच्या खुर्चीत?"

"मले आत्ताच समजलं ताई. तुमच्याच बरोबर."

"नाही म्हण मंग."

"म्हणतो. पन एक सांगू का?" महामायानं पातेलं बाजूला ठेवलं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "कार्डाची अदलाबदल चुकून नाही झाली. पयल्या दोन डब्यांत झाली असन. मंग मी तपासणीच्या कार्डाले लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. मामाजीले दाखवला बी. आठ दिवसानं पाह्यतो त दोन्ही कार्डावर लाल ठिपका. माह्यी नेलपॉलिशची बाटली कपाटातून अर्धी झाली."

मंजुश्रीनं ताटं खाली ठेवली. हसू आलं होतं ते मध्येच थांबलं.

"म्हणजे मुद्दाम पाठवलं?"

"हाव."

"आन तू गप्प राह्यली?"

"मी सकाळी झाडाले जातो त्या खोलीत," महामाया म्हणाली. "दार अर्धं लोटलेलं असते. मामाजी डबा चालू करतात, आन मंग एकटेच भिंतीसमोर उभे राहून हात वर करतात. रोज. दोन डबे असले त दोनदा. मी काय म्हणू त्याईले? ठिपका चुकला म्हणू?"

मंजुश्री पाटावर बसली. तिकीट मागायला कोणी नसलेल्या गाडीत कंडक्टर बसते तशी, कुठंच न बघता. थोड्या वेळानं उठली तेव्हा चेहरा वेगळाच होता. ती सरळ बाहेर गेली.

"बाबा! नागसेनचं बरोबर हाये. काढा तो आवाज."

नागसेननं बहिणीकडं असं पाहिलं, जशी काही एसटी वेळेवर आली.

"आत्ता त तू माह्याकडून होती," भाऊराव म्हणाले.

"होती. आता नाही. तुम्ही मायले जिवंतपणी शेगावच्या पुढं नेलं नाही. ती म्हणे पुणं पाहाचं हाये, मुंबई पाहाची हाये. तुम्ही म्हणे सीझन हाये, लग्नं हायेत, भोंगे कोण लावीन. आन आता तिले कुरिअरनं मैसूरले पाठवता? तिले न विचारता? कोणाच्याबी बैठकीत?"

भाऊरावांनी इकडंतिकडं पाहिलं. आता तिघं एका बाजूला आणि ते एका बाजूला. महामाया दारात उभी होती. ती कोणाच्या बाजूनं आहे ते त्यांनी विचारलं नाही. नेलपॉलिशच्या बाटलीवरून त्यांना कधीपासून संशय होताच की सुनेला माहीत आहे.

बाहेर गाडी थांबली. पुण्याची पाटी.

*

प्रेमानंदांनी साहेब म्हणून कोणी तरी मोठा माणूस मनात धरला होता. गाडीतून उतरले ते साठीचे, सुकलेले, पांढऱ्या मिशीचे गृहस्थ, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत डबा होता. तो त्यांनी छातीशी असा धरला होता की जणू दुधाचं भांडं आहे.

"नमस्कार. मी शालिग्राम. आज घरात काही कार्यक्रम होता का? मी चुकीच्या दिवशी आलो वाटतं."

"नाही नाही, या," नागसेन म्हणाला. "आईचं वर्षाचं होतं. जेवून घ्या आधी."

शालिग्राम थबकले. मग चपला काढून आत आले, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली सिंधूताईंचा हार घातलेला फोटो होता त्याला हात जोडले, आणि जेवायला बसले. वांग्याची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली आणि दोन्ही वेळा तिखटानं डोळ्यांतून पाणी काढलं. प्रेमानंदांना माणूस आवडायला लागला.

हात धुतल्यावर त्यांनी विषय काढला. "आता मुद्द्याचं. हा डबा मी लावला. आमच्या हिची आंघोळ चालली होती. मी दिवे मालवले, खुर्चीत बसलो, चालू केला. आणि एक बाई मला मोठ्यानं म्हणाली, 'अवो, कोणाले पाहून राह्यले?' आमची ही टॉवेल गुंडाळून बाहेर आली. म्हणाली, कोण आहे ती?"

मंजुश्रीनं पदर तोंडात कोंबला.

"तीन दिवस आमच्यात बोलणं बंद होतं. चौथ्या दिवशी तिला बसवून ऐकवलं. तेव्हा तिनं सांगितलं, जाऊन बघून या, ती बाई कोण आहे ते."

"साहेब, माफ करा," नागसेन घाईनं म्हणाला. "कार्डाची चूक झाली. पुढच्या चाळीसात हे असणार नाही. मी स्वतः..."

"थांबा हो." शालिग्राम वैतागले. "मी तक्रार करायला तीनशे मैल येईन का? तक्रार मी घरी बसून उत्तम करतो. मला हे इथं ऐकायचं आहे. जिथं तपासतात त्या खोलीत, त्या स्पीकरवर. मी ते चाळीस वेळा ऐकलं असेल. डावीकडं कोणीतरी काडी ओढतो. काडीपेटीवर, एकदा चुकते, दुसऱ्यांदा पेटते. अगदी समोर बसून. तो कोण?"

खोलीतल्या सगळ्यांनी प्रेमानंदांकडं पाहिलं. प्रेमानंदांची छाती आपोआप पुढं आली.

"मीच तो," ते म्हणाले. "प्रेमानंद मोतीराम हिवराळे. बिडी माह्यीच होती."

"काय टायमिंग आहे हो तुमचं!"

"ते जन्मजात हाये," प्रेमानंद म्हणाले. मग नागसेनकडं वळून: "मी काय म्हणतो, काढाले कायले पाह्यजे ते? राहू दे न."

"काका! सोयरिकीचं काय?"

"सोयरे येतात जातात बे. आवाज हा आवाज असते."

शालिग्राम हातातली पिशवी उघडत म्हणाले, "काढता कशाला? माझं तर म्हणणं आहे की चाळीसच्या चाळीस डब्यांत हे ठेवा. माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, सगळे स्ट्रीमर सारखेच. हा सारखा नाही. पहिल्यांदा चालू केला की ही बाई बोलणार. लोक एकमेकांना सांगतील."

नागसेनचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुपारपासून जे काढून टाकायला तो बापाशी भांडत होता, तेच विकलं जात होतं. त्यानं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा गिऱ्हाइकाकडं, आणि एका श्वासात बाजू बदलली. "तसं पाहिलं तर आमचं पण तेच म्हणणं होतं."

"कोणाचं?" मंजुश्री म्हणाली.

"ताई, तू चूप बैस."

"मी नाही बसत चूप. माह्यी माय काय जाहिरात हाये?"

भाऊराव जिंकले होते. आज पहिल्यांदा त्यांच्या बाजूला तीन माणसं होती, त्यात एक पुण्याचा. ते उठले आणि म्हणाले, "चला. ऐकवतो."

*

तपासणीच्या खोलीत पूर्वी भोंगे ठेवत. मोतीरामचा पहिला भोंगा अजून खिळ्याला होता, त्यात चिमणीनं घर केलं होतं. भाऊरावांनी स्वतः बनवलेले सागवानी खोक्यांचे दोन स्पीकर, स्वतः बांधलेला ॲम्प्लिफायर, आणि टेबलावर डब्याची जागा.

शालिग्रामांचा डबा भाऊरावांनी तिथं ठेवला; शालिग्राम टेबलाजवळ वाकले. डब्याच्या खाली काळ्या चकत्या होत्या. "हे कंपन शोषायला काय वापरलंय तुम्ही? बाहेरचं आहे का?"

"टॅक्टरची ट्यूब हाये," भाऊराव म्हणाले. "फाटकी."

"अप्रतिम! आणि इथली वीज कशी आहे? स्वच्छ आहे का?"

"येते तवा चांगली असते."

शालिग्रामांनी खुर्ची दोन बोटं मागं घेतली, मग एक बोट पुढं. बसले. डोळे मिटले. घरची सगळी भिंतीला टेकून उभी राहिली. भाऊराव त्यांच्या मागं, दाराजवळ. रोज ते जिथं उभे राहत तिथं आज पाहुणा बसला होता, पण त्याला काय करणार.

त्यांनी पुढं होऊन डबा चालू केला. आधी मैदान आलं. दूर एक ट्रॅक्टर, पोरं, वारा. मग सिंधूताई.

"अवो. ऐकू येते का? हॅलो बिलो मी काही म्हणत नाही. तिकडं चिंचेखाली उभे हाये न? ऐकू आलं असन त हात वर करा."

शालिग्रामांनी हात वर केला.

डोळे मिटलेलेच होते. पुण्याच्या माणसाचा स्वच्छ, पांढरा हात, मनगटावर घड्याळ, शाळेत गुरुजींनी हजेरी घेतल्यासारखा वर गेला. त्यांना स्वतःलाही ते कळलं नसावं. प्रेमानंद खो खो करून हसले. मंजुश्रीसुद्धा हसली.

"प्रेमानंद, बिडी फेक आन वायर धर," सिंधूताई म्हणाल्या. काडी चुकली, काडी पेटली. "अवो, हात वर करा न. कोणाले पाहून राह्यले?" मग पुन्हा बराच वेळ नुसतं मैदान. आणि शेवटी, जरा हळू, "हं. दिसला. करा आता बंद."

शालिग्रामांनी हात खाली घेतला आणि डोळे उघडले. "बघा. म्हणजे मला सांगितल्यासारखंच वाटतं."

भाऊराव त्यांच्याकडं बघत होते. त्यांना राग आला होता, आणि राग कशाचा ते धरता येत नव्हतं. पाहुणा भला माणूस होता. इतक्या लांबून आला होता. वांगी खाऊन रडला होता.

"साहेब, एवढ्या लवकर हात वर कराचा नसते," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुम्ही पयल्याच वेळी केला."

"हो, त्या म्हणाल्या ना..."

"ती म्हणणारच. पन लगेच कराचा नाही." भाऊराव टेबलाला टेकले. "मले पयल्या शब्दालेच ऐकू येत होतं. दरवेळी. माह्येच भोंगे, मले नाही ऐकू येणार? पन हात वर केला का ती बोलणं थांबवे. घरी आम्ही दोघं काही बोलत नव्हतो फार. कामंच एवढी. तिकडं मैदानात ती बोले. म्हून मी थांबो. चिंचेखाली उभा राहो, हात खिशात. ती चिडे. आणखीन बोले."

प्रेमानंद मोतीरामच्या भोंग्याकडं बघत होते.

"तिले माहीत होतं?" मंजुश्रीनं विचारलं.

"कोणाले ठाव. मी कधी विचारलं नाही." भाऊरावांनी डब्याकडं बोट दाखवलं. "आन आता पाह्य. साहेबाईनं हात वर केला, त साहेबाईलेबी 'दिसला' म्हटलं. ती त कोणाच्याबी हाताले म्हणते. हात नाही केला तरी म्हणते. मी आठ महिने हात वर करून राह्यलो..."

नागसेन पुढं आला. "बाबा, बसा जरा."

"बसत नाही. काढ तो आवाज."

"बाबा, आता साहेब स्वतः म्हणून राह्यले ठेवा..."

"चाळीस गिऱ्हाइकं, चाळीस घरं. सगळे हात वर करतीन. ती सगळ्याईले दिसला म्हणीन. मले नाही चालत." ते शालिग्रामांकडं वळले. "साहेब, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आमच्या बायकोनं तुमच्या घरी भांडण लावलं, त्याची माफी. पन तिचा नवरा मी हाये."

शालिग्राम उभे राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "वाईट नाही वाटलं. खरं सांगू? हात वर गेला तेव्हा मलाच जरा ओशाळल्यासारखं झालं. चाळीस डबे मला हवेतच. साधे द्या." डब्याखालच्या चकत्यांकडं बोट दाखवून म्हणाले, "मात्र ट्यूब हवी."

"ट्यूब लय हाये," प्रेमानंद म्हणाले. "माह्याकडून पाठवतो. ट्रकची."

नागसेन बापाकडं बघत होता. त्याला अजून एक गोष्ट बोलायची होती आणि ती बोलायला आजपर्यंत त्याला कधी जमलेली नव्हती. शेवटी तो म्हणाला, "तपासणी तुम्हीच कराची बाबा. लॅपटॉप नाही पाह्यजे. महामायाले दुसरी कामं हायेत."

"मले कोणी विचारीन का माह्यी कामं?" महामाया दारातून म्हणाली.

"तुले मीच विचारतो," भाऊराव म्हणाले. "इकडं ये माय. आवाज पुसाचा कसा ते दाखव मले. नियम तोच राहीन. डबा बोलल्याशिवाय बाहेर जाणार नाही, आन तिच्याच आवाजात बोलीन. पन इथंच. बोलला का तपासणीचं कार्ड काढाचं, साधं घालाचं, मंग खोक्यात भराचं. आन ते जे अकरा गेले, त्याईले नागसेन साधं कार्ड पाठवीन, जुनं वापस मागवीन, ते मी पुसीन."

"मैसूरवाला देणार नाही," नागसेन म्हणाला. "त्याची उदबत्ती चालू हाये."

"त्याले सांग, हा मंत्र नाही, शिव्या हायेत. मंग देईन."

"साहेबांच्या डब्यातलं कार्ड?"

शालिग्रामांनी मान हलवली. "त्यातलंही काढा. बायकोला सांगेन, भेटून आलो."

महामायानं लॅपटॉप आणला. टेबलावर ठेवला. कार्ड आधी डब्यातून काढायचं, इथं खोचायचं, हे दिसतंय ते नाव धरायचं, मग हे बटण, मग विचारेल नक्की का, तर हो म्हणायचं. भाऊरावांनी दोनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "आणखीन एकदा सांगू का, मामाजी?" तर म्हणाले, "नको, समजलं." ठिपक्याचं दोघांनीही काढलं नाही. पण तिनं आपल्या पदराच्या गाठीतून नेलपॉलिशची बाटली काढून टेबलावर ठेवली, आणि भाऊरावांनी ती खिशात टाकली.

"आता सगळे बाहेर जा," ते म्हणाले. "हा साहेबाईचा डबा तपासाचा हाये मले. चाय ठेवा."

"तपासला न आत्ताच," प्रेमानंद म्हणाले.

"तो साहेबाईनं तपासला."

सगळे बाहेर गेले. मंजुश्री शेवटी. तिनं दार अर्धं लोटलं, जसं रोज असतं, आणि सरकली नाही. महामायाही तिच्या खांद्याशी उभी राहिली.

भाऊरावांनी खुर्ची बाजूला सारली. भिंतीसमोर आपल्या जागी उभे राहिले. डबा चालू केला. मैदान आलं, ट्रॅक्टर आला, पोरं आली.

"अवो. ऐकू येते का?"

त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

त्या बोलत राहिल्या. हॅलो बिलो नाही. चिंच. प्रेमानंद आणि बिडी. काडी चुकली, काडी पेटली. भाऊराव हलले नाहीत. "अवो, हात वर करा न. कोणाले पाहून राह्यले?" बाहेर मंजुश्रीनं महामायाचं मनगट घट्ट धरलं. मैदान नुसतं वाजत राहिलं. वारा होता. त्यांनी शेवटपर्यंत वाट पाहिली, आणखी जितकी पाहता येईल तितकी, आणि मग उजवा हात खिशातून काढला आणि वर केला.

"हं. दिसला. करा आता बंद."

त्यांनी डबा बंद केला, कार्ड काढलं, लॅपटॉपमध्ये खोचलं, आणि चष्मा शोधायला लागले.